गंजिफेपासून ऑफसेटपर्यंत : पत्त्यांच्या कॅटची आखणी आणि छपाई

पत्त्याच्या प्रत्येक पानाला दोन बाजू असतात आणि त्यांची कामे एकमेकींच्या विरुद्ध असतात. पुढची बाजू हातात धरणाऱ्याला एका नजरेत ओळखू आली पाहिजे; पाठीने समोरच्याला काहीही सांगता कामा नये. बावन्न पाने आणि दोन जोकर मिळून चौपन्न पाठी होतात. त्यांतली एक जरी वेगळी ओळखू आली, तरी कॅट खेळायला निकामी ठरतो, मग चित्रे कितीही देखणी असोत. लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, कंपनीची दिवाळी भेट अशा निमित्ताने स्वतःचा कॅट छापून घेण्याची हौस आता वाढली आहे. त्यात सारे लक्ष चित्रांवर जाते आणि पाठ, कागद, कटिंग यांचा विचार शेवटी होतो. खरे तर क्रम उलटा हवा.

मागणीनुसार पत्ते बनवण्याची महाराष्ट्रातली सर्वांत जुनी जिवंत परंपरा सावंतवाडीची. तिथली गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले पत्ते, गोल असते. दशावतारी गंजिफेत विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने, म्हणजे एकूण १२० पाने. राजाच्या पानावर अवतार स्वतः, वजिराच्या पानावर त्याचेच जरा कमी थाटाचे रूप आणि उरलेल्या पानांवर त्या अवताराची खूण मोजून काढलेली: मत्स्याचे मासे, कूर्माची कासवे, परशुरामाचे परशू, रामाचे बाण, कल्कीच्या तलवारी. नवग्रहांची गंजिफा १०८ पानांची, बारा राशींची १४४ पानांची आणि मोगली पद्धतीची आठ रंगांची ९६ पानांची. खेळ साधारणपणे तिघांत चाले, त्यामुळे दशावतारी डावात प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पाने येत. दिवसा खेळताना उतारी रामाच्या राजाने आणि रात्री कृष्णाच्या राजाने होई. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, उरलेल्या अर्ध्यांत याच्या उलट. एवढे सगळे डोक्यात ठेवून चाळीस पाने सांभाळणारा खेळाडू आज विरळाच.

पान बनवण्याची पद्धत कष्टाची होती. कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, वर खडूसारखे पांढरे अस्तर द्यायचे, वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटायचे, गोल कापायचे, रंगवायचे आणि शेवटी लाखेचा हात द्यायचा. चिंचोक्याच्या खळीमुळे पानाला ताठपणा येतो आणि लाखेमुळे दमट हवेपासून बचाव होतो. कोकणातल्या पावसाळ्यात कागदाचे काय होते हे ठाऊक असलेल्यांनीच ही पद्धत बसवली होती. पाठ मात्र एकाच रंगाची, बहुधा कोरी. हाताने काढलेली १२० नक्षीदार पाने कधीच तंतोतंत सारखी होणार नाहीत आणि सराईत खेळाडू चार डावांतच पाठीवरून पान ओळखू लागेल. कोऱ्या पाठीमागे हा हिशेब असणार. पुढची बाजू कलेची, पाठ शिस्तीची.

जुन्या काळी मागणीप्रमाणे दोन दर्जे असत. दरबारी काम नाजूक, सोन्याच्या वर्खाचे, चित्रे काढलेल्या सरकत्या झाकणाच्या लाकडी पेटीतले. बाजारी काम झपाट्याचे, चार फटकाऱ्यांत मासा उमटवणारे. गंमत अशी की खेळायला बाजारी पानेच बरी पडतात. त्यांच्या खुणा ठसठशीत असतात, तर दरबारी पानांवरच्या वेलबुट्टीत मासे मोजावे लागतात. दरबारी हौसेचे टोक म्हैसूरला गाठले गेले. एकोणिसाव्या शतकात तिसरे कृष्णराज वोडेयार यांनी स्वतः नवनवे खेळ रचले, त्यांतला सर्वांत मोठा ३६० पानांचा. आपल्या मनाप्रमाणे कॅट घडवण्याची याहून मोठी हौस कोणी केली नसेल, पण ते खेळ राजवाड्याच्या भिंतींबाहेर फारसे गेले नाहीत. पाने किती सुंदर आहेत यापेक्षा ती किती सहज खेळता येतात यावर कॅटचे आयुष्य ठरते.

विसाव्या शतकाच्या मध्याला सावंतवाडीतली गंजिफा संपल्यात जमा होती. छापील पत्ते स्वस्त झाले होते आणि चितारी कारागीर लाकडी खेळण्यांकडे वळले होते. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी चितारी घराण्यातल्या जुन्या जाणकाराकडून ही विद्या पुन्हा उभी केली आणि राजवाड्यात कार्यशाळा सुरू केली. तिथे आजही कारागीर दरबार हॉलमध्ये बसून पाने रंगवताना दिसतात. सावंतवाडीच्या गंजिफेला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. भारतीय पत्त्यांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांत मुंबईत स्थायिक झालेले जर्मन कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडेन यांचे नाव आधी घ्यावे लागते. १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात भरलेल्या गंजिफा प्रदर्शनाचे पुस्तक त्यांनीच लिहिले.

गंजिफा भारतात मोगलांबरोबर आली. १५२७ साली बाबराने सिंधच्या शाह हुसेनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अबुल फजलने अकबराच्या दरबारातील बारा रंगांच्या, १४४ पानांच्या खेळाचे वर्णन केले आहे. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर हे चार रंग फ्रान्समध्ये पंधराव्या शतकात ठरले. त्यांचा मोठा फायदा छपाईचा होता. हे आकार साच्यातून एका शाईने उमटवता येतात, त्यांना चित्रकाराची गरज पडत नाही. युरोपातून आलेल्या छापील कॅटने हाताने रंगवलेल्या गंजिफेला मागे टाकले ते याच जोरावर.

आज कोणी स्वतःचा कॅट आखायला बसतो तेव्हा त्याच्यापुढे ही बावन्न पानांची चौकट तयार असते. तिच्यात काय बदलावे आणि काय बदलू नये, हा पहिला प्रश्न. कोपऱ्यातली खूण, म्हणजे अंक किंवा अक्षर आणि त्याखाली रंगाचे लहान चिन्ह, शक्यतो हलवू नये. पंखा करून धरलेल्या तेरा पानांतले शेवटचे पान सोडले तर बाकीच्यांची जेमतेम सेंटिमीटरभर पट्टी दिसते आणि सारा खेळ त्या पट्टीवर चालतो. ही कोपऱ्यातली खूण तशी अलीकडची, एकोणिसाव्या शतकातली. त्याआधी खेळाडू पाने दोन्ही हातांनी फाकवून ठिपके मोजत. राजा-राणीची वरखाली दोन्हीकडून सुलट दिसणारी चित्रेही त्याच शतकात सर्वत्र रुळली. त्यापूर्वी चित्र उलटे आले की खेळाडू ते फिरवून सुलटे करी आणि समोरच्याला त्याच्या हातात चित्र आहे हे कळे.

मराठी कॅट काढायचा तर कोपऱ्यातल्या खुणेची अडचण निराळीच उभी राहते. राजा आणि राणी दोघांचे पहिले अक्षर ‘रा’. आद्याक्षर वापरून भागत नाही, म्हणून राजाला ‘रा’, राणीला ‘णी’, गुलामाला ‘गु’ आणि एक्क्याला ‘ए’ अशी सोय करावी लागते किंवा अक्षराऐवजी मुकुट, नथ, पगडी अशी छोटी चित्रखूण द्यावी लागते. ‘णी’ची वेलांटी शिरोरेषेच्या वर जाते आणि ‘गु’चा उकार खाली उतरतो, त्यामुळे अक्षरे एकाच मापाची ठेवली तर ती कोपऱ्यात चेपल्यासारखी दिसतात. देवनागरी अंकांतही फसगत आहे. ३ उलटा धरला की घाईत ६चा भास होतो, तर १ आणि ९ बारीक टायपात सारखे वाटतात. उपाय सोपा आहे: जाड आणि मोकळ्या वळणाचा टाइप घ्यावा, अंक किमान आठ-नऊ मिलिमीटर उंच ठेवावा आणि पानाच्या मध्यभागी ठिपके नेहमीच्याच मांडणीत राहू द्यावेत. तिर्री आणि छक्की यांची ठिपक्यांची रचना डोळ्यांत इतकी बसलेली असते की अंक न वाचताही पान ओळखू येते. काहीजण नावीन्याच्या नादात ठिपके काढूनच टाकतात आणि त्या जागी मोठे चित्र घालतात. असा कॅट पाहुण्यांना दाखवायला ठीक, रमीला नाही.

मोकळीक घेण्यासारख्या जागा वेगळ्या आहेत. इस्पिकचा एक्का, दोन्ही जोकर आणि बारा चित्रे. इस्पिकच्या एक्क्यावर एवढी नक्षी का असते, याचे उत्तर इंग्लंडच्या करात आहे. पत्त्यांवर कर भरल्याची खूण म्हणून सरकार हा एक्का छापत असे, त्यामुळे तो नकलायला अवघड असा गुंतागुंतीचा केला गेला. खोटे एक्के छापल्याबद्दल रिचर्ड हार्डिंग नावाच्या माणसाला १८०५ साली फाशीही झाली. कर १९६० साली रद्द झाला, नक्षी राहिली. आता त्या जागी कारखानदार आपले नाव घालतो आणि घरगुती कॅटमध्ये कुटुंबाचे नाव, संस्थेचे बोधचिन्ह किंवा प्रसंगाची तारीख तिथेच शोभते.

महाराष्ट्रातल्या खेळांकडे पाहिले तर आणखी एक पान थाटाला पात्र आहे. मेंढीकोटात सारा डाव दश्शीभोवती फिरतो. दश्शी म्हणजेच मेंढी आणि चार मेंढ्या मिळवल्या की कोट. विलायती वळणाच्या कॅटमध्ये मात्र दश्शी हे ठिपक्यांनी गजबजलेले, चेहरा नसलेले पान असते. मराठी घरासाठी आखलेल्या कॅटमध्ये चारही दश्श्यांना वेगळी चौकट किंवा ठिपक्यांच्या मधोमध छोटी मेंढी देता येईल. कॅट बावन्न पानांचाच हवा असाही दंडक नाही. पाच-तीन-दोन तीस पानांत खेळतात: अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत चारही रंगांची अठ्ठावीस पाने आणि इस्पिक-बदामच्या दोन सत्त्या. तेवढ्याच पानांचा, जरा मोठ्या अक्षरांचा कॅट आजी-आजोबांसाठी काढला तर तो रोज वापरला जाईल. गुलामचोरात एक गुलाम काढून ठेवतात. मुलांच्या कॅटमध्ये चोर ठरणाऱ्या गुलामाला वेगळा चेहरा द्यायचा मोह होतो, पण तो पुढच्याच बाजूला, पाठीला नाही.

कौटुंबिक छायाचित्रांचा कॅट हा सध्या सर्वांत जास्त मागितला जाणारा प्रकार आहे आणि सर्वांत जास्त बिघडणाराही. छायाचित्र पानभर घातले की कोपऱ्यातला अंक कोणाच्या तरी साडीच्या काठात किंवा मंडपाच्या झालरीत हरवतो. छायाचित्र मधल्या चौकटीत ठेवून भोवती पांढरी पट्टी सोडावी. तेच छायाचित्र पाठीवर हवे असेल तर आणखी काळजी हवी. एकाच दिशेचे चित्र पाठीवर असले की पान सुलटे आहे की उलटे हे दिसते. जादूगार नेमके हेच वापरतात, सारी पाने एका दिशेने लावतात आणि प्रेक्षकाने परत ठेवलेले उलटे पान अचूक काढून दाखवतात. म्हणून पाठीची नक्षी अर्धा फेरा फिरवल्यावर जशीच्या तशी दिसली पाहिजे. छायाचित्र घालायचेच तर डोक्याला डोके न लावता, राजा-राणीच्या चित्रासारख्या, दोन प्रती वरखाली उलटसुलट जोडाव्यात.

देवादिकांची किंवा छत्रपतींची चित्रे पत्त्यांवर घालावीत का, हा प्रश्न मराठी घरात हटकून निघतो. दशावतारी गंजिफेत रामाचा राजा चादरीवर आपटला जाई आणि त्याचे कोणाला वावगे वाटत नसे. ती पाने चादरीवर पिसली जात आणि डाव संपल्यावर पेटीत जात. आजचे पान जमिनीवर पडते, त्यावर चहाचा कप ठेवला जातो, मुले ते सायकलच्या चाकात अडकवतात. ज्याचा मान राखायचा त्याला पत्त्यावर न आणणे बरे.

मापे ठरलेली आहेत. पोकर माप ६३ बाय ८८ मिलिमीटर, ब्रिज माप ५७ बाय ८८. तेरा-तेरा पाने धरायच्या खेळांना अरुंद ब्रिज माप सोयीचे पडते. कोपऱ्याची गोलाई तीन ते साडेतीन मिलिमीटर त्रिज्येची. छपाईची फाइल बनवताना चारही बाजूंना तीन मिलिमीटर जास्तीचा रंग सोडावा लागतो. छापखान्यात त्याला ब्लीड म्हणतात; कटिंग थोडे सरकले तरी पांढरी कड दिसू नये म्हणून ही सोय. म्हणजे पोकर पानाची फाइल ६९ बाय ९४ मिलिमीटरची होते आणि इंचाला ३०० बिंदूंच्या हिशेबाने सुमारे ८१५ बाय १११० बिंदूंची. आतल्या बाजूलाही तीन मिलिमीटर अंतर सोडून त्या पलीकडे अंक-अक्षर काही नेऊ नये. रंग पडद्याच्या आरजीबीत नव्हे, छपाईच्या सीएमवायकेत बसवावेत. पडद्यावरचा झळाळता केशरी कागदावर विटकरी उतरतो तो याच कारणाने. मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये केलेला असेल तर फाइल देण्यापूर्वी अक्षरांचे कर्व्ह करून टाकावेत. ते न केल्यास छापखान्याच्या संगणकावर जोडाक्षरे फुटतात आणि ‘श्री’चे भलतेच काही होते.

पाठीच्या कडेला पांढरी चौकट ठेवावी की नक्षी काठापर्यंत न्यावी, यावर जाणकारांतही दोन मते आहेत. चौकटीचा फायदा असा की पाने पंख्यात नीट वेगळी दिसतात आणि कडा झिजल्या तरी डोळ्यांत भरत नाहीत. तोटा कटिंगचा. तीन मिलिमीटरच्या चौकटीत पान एक मिलिमीटर सरकले की एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला चार मिलिमीटर उरतात आणि ते पान दुरूनही ओळखू येते. चांगले कटिंग मिळण्याची खात्री असेल तरच चौकट घ्यावी. नाहीतर बारीक, दाट, सर्वत्र सारखी नक्षी काठाबाहेरपर्यंत न्यावी, म्हणजे सरकलेले पान लपून जाते. पैठणीच्या पदरावरचा भव्य मोर पाठीला शोभतो खरा, पण त्याच पैठणीच्या जमिनीवरची बारीक बुट्टी खेळाला जास्त उपयोगी.

कागद हा सर्वांत दुर्लक्षित भाग. व्हिजिटिंग कार्डाचा ३०० जीएसएमचा आर्ट कार्ड जाडीला पुरेसा वाटतो, पण तो एकाच थराचा असतो. ट्यूबलाइटसमोर धरला की पलीकडचा काळा एक्का अंधूक दिसतो आणि दोनदा वाकवला की पांढरी घडी पडते. खऱ्या पत्त्यांचा बोर्ड दोन कागद काळ्या किंवा गडद डिंकाने चिकटवून केलेला असतो. व्यवसायात त्याला ब्लॅक कोअर म्हणतात. मधला काळा थर प्रकाश अडवतो, तर दोन कागदांची जोडणी पानाला वाकून पुन्हा सरळ होण्याची स्प्रिंग देते. सावंतवाडीच्या खळीचे काम इथे कारखान्यातला डिंक करतो. कागदाच्या तंतूंची दिशाही सर्व पानांत एक हवी; निम्मी पाने आडव्या तंतूंची आणि निम्मी उभ्या तंतूंची असली तर पिसताना कॅट हातात अडतो.

वरच्या लेपाबाबत छापखाने हमखास लॅमिनेशन सुचवतात, कारण ते त्यांच्याकडे रोजचे काम असते. लॅमिनेटेड पाने एकमेकांवरून फार घसरतात किंवा दमट हवेत चिकटून बसतात आणि काही महिन्यांत कोपऱ्यांतून प्लॅस्टिकचा पापुद्रा सुटतो. त्यापेक्षा पाण्यावर आधारित वार्निश बरे. उत्तम कॅटवर कापडासारखी बारीक खडबड उठवलेली असते, तिच्या खळग्यांत हवा राहते आणि पाने सुटी पसरतात. कोणताही लेप दोन्ही बाजूंना सारखाच द्यायला हवा. एकाच बाजूला दिला तर जुलैच्या हवेत दुसरी बाजू ओल शोषते आणि अख्खा कॅट पन्हाळीसारखा वाकतो. गणपतीच्या जागरणाला कोकणात न्यायचा असेल तर कागदाचा हट्ट सोडून प्लॅस्टिकचा कॅट घ्यावा, तो ओल्या फडक्याने पुसताही येतो.

पुनावळ्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्याला असा कॅट छापून घेण्यासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही. हे गाव आता पिंपरी-चिंचवड महापालिकेचे उपनगर आहे. पूर्वेला चिंचवड-भोसरीचा औद्योगिक पट्टा, ईशान्येला चाकण, आग्नेयेला पुण्याच्या पेठांतले छापखाने. वाहनांचे सुटे भाग, औषधे, खाद्यपदार्थ यांची खोकी छापणे, डायने कापणे, घडी पाडणे आणि चिकटवणे ही कामे या पट्ट्यात रोज होतात आणि कॅटला लागणारी यंत्रे जवळपास तीच आहेत. खास पत्त्यांचा कारखाना ही वेगळी गोष्ट. मुंबईची पार्कसन्स आणि बेल्जियममधल्या टर्नहाउट गावची कार्टामुंडी यांची संयुक्त कंपनी हे काम मोठ्या प्रमाणावर करते. टर्नहाउट हे पत्त्यांचे जुने माहेरघर, तिथे पत्त्यांचे राष्ट्रीय संग्रहालयही आहे. असे कारखाने हजारांतल्या ऑर्डरी घेतात. दहा-वीस किंवा शंभर कॅट हवे असतील तर डिजिटल छपाईच करावी लागते.

डिजिटलचा नेहमीचा कागद १२ बाय १८ इंचाचा. त्यावर ब्लीडसह पोकर मापाची पाने तीन गुणिले सहा, म्हणजे अठरा बसतात; तीन कागदांत बरोबर चौपन्न. हिशेब सुरेख जुळतो, पण गोम इथेच आहे. तीन कागदांच्या पाठी वेगवेगळ्या वेळी छापल्या गेल्या तर निळ्या रंगात किंचित फरक पडतो आणि पाठीवरून तीन गट पडतात. डोळ्याला सहज न दिसणारा हा फरक पाने एकत्र पिसल्यावर उठून दिसतो. म्हणून सर्व कागदांच्या पाठी एकाच बैठकीत, यंत्र न थांबवता छापून घ्याव्यात आणि मगच पुढच्या बाजू. ऑफसेटवर ही अडचण नसते. २० बाय ३० इंचाच्या एका कागदावर सात गुणिले आठ अशी छप्पन्न पाने मावतात, म्हणजे पूर्ण कॅट आणि वर दोन मोकळी पाने. बाजारातल्या कॅटमध्ये नियमांचे किंवा जाहिरातीचे जादा पान का निघते त्याचे उत्तर या गणितात आहे. ऑफसेटला मात्र चार रंगांच्या चार प्लेटा पुढच्या बाजूला आणि तेवढ्याच पाठीला कराव्या लागतात, हा खर्च दहा कॅटला आणि हजार कॅटलाही तेवढाच येतो.

कटिंगला दोन रस्ते आहेत. कारखान्यात कागदाच्या आधी पट्ट्या पाडतात, मग एकेक पान पोलादी नर-मादी साच्यातून दाबून काढतात; कड एकसारखी येते आणि पाने क्रमानेच एकावर एक पडतात. लहान छापखान्यात प्लायवूडमध्ये पोलादी पात्या बसवलेली डाय वापरतात. तिच्यातून पाने सुटून विखुरू नयेत म्हणून पात्यांना बारीक खाचा ठेवलेल्या असतात आणि त्या जागी पान कागदाला धाग्याएवढे जोडलेले राहते. सुटे केल्यावर तिथे टोचरा कण उरतो. असे कण सर्व पानांत एकाच जागी असतील तर चालून जाते, वेगवेगळ्या जागी असतील तर बोटाला पान कळते. तिसरा, सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे गिलोटिनवर चौकोन कापून कोपरे हातयंत्राने गोल करणे. यात गठ्ठा कापताना वरचे आणि खालचे पान अर्ध्या मिलिमीटरने लहानमोठे होते आणि तेवढा फरक सराईत अंगठ्याला पुरतो.

क्रम लावणे हे कंटाळवाणे पण निर्णायक काम. दोन बदाम सत्त्या आणि एकही किलवर सत्ती नसलेला कॅट फेकण्याच्याच लायकीचा. मोजून चौपन्न भरले म्हणून निर्धास्त होता येत नाही, प्रत्येक पान पाहावे लागते. पेटीची आखणी कॅटच्या जाडीवरून करतात. पान ०.३ मिलिमीटर जाड धरले तर चौपन्न पानांची थप्पी १६.२ मिलिमीटर होते, म्हणून पेटीची आतली खोली १७ ठेवतात. नवा कागद थोडा फुगतो, त्यामुळे मोजमाप फाइलवरून न करता छापून कापलेल्या पानांवरून करणे शहाणपणाचे.

कायद्याचे भान थोडेच लागते. राजा-राणी-गुलामाची जुनी चित्रे कोणाच्या मालकीची नाहीत, पण प्रसिद्ध कंपन्यांचे इस्पिकचे एक्के, जोकर आणि पाठीची नक्षी यांवर त्यांचा हक्क असतो. चित्रपटातले प्रसंग, नटनट्यांची छायाचित्रे, चित्रकारांची जालावरून उचललेली चित्रे १९५७च्या कॉपीराइट कायद्याखाली येतात. मुंबई प्रांताचा १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे. तो पैसे लावून खेळण्यावर बोट ठेवतो, कॅट छापण्यावर नाही. कौशल्याचा खेळ त्यातून वगळलेला आहे आणि रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटले आहे.

छपाईला होकार देण्यापूर्वी एका कॅटची पूर्ण डमी त्याच कागदावर, त्याच लेपासह, कापून आणि कोपरे गोल करून घ्यावी. फाइल पडद्यावर पाहून किंवा रंगीत झेरॉक्सवरून होकार देऊ नये. डमी हातात आली की पाने पाठीवर पसरून खिडकीच्या उजेडात वेगळे दिसणारे पान शोधावे, एक्का दिव्यासमोर धरावा, पंखा करून चौघांना आपापली पाने वाचायला सांगावीत आणि रात्री घरच्या दिव्यात मेंढीकोटाचे चार डाव खेळावेत. चौकट आणि बदामचे लाल ठिपके पिवळसर उजेडात एकमेकांत मिसळतात का, ‘रा’ आणि ‘णी’ घाईत ओळखू येतात का, पाने वाटताना दोन एकत्र जातात का, हे तेव्हाच कळते. ऑफसेटच्या प्लेटा एकदा झाल्या की त्यानंतर एका अंकाची दुरुस्तीही नव्या प्लेटांच्या खर्चाची असते.